स्थावर, जंगम आणि पेढीचा पूल

बँकेत कारकुनी करून वीस-बावीस वर्षे झाली की माणसाची दृष्टी बिघडते. चष्म्याने सुधारेल असा तो बिघाड नसतो. त्याला जगातल्या सगळ्या वस्तू दोनच रकान्यांत दिसू लागतात : स्थावर आणि जंगम. घर, शेत, विहीर ही स्थावर. म्हैस, मोटारसायकल, दागिने आणि जावई हे जंगम. स्थावराचे गहाणखत करायचे, जंगमाचे नुसते नजरगहाण. बी.कॉम.च्या वर्गात हे माझ्या डोक्यात इतके पक्के बसले होते, की स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मला प्रथम नजरगहाणच आठवले.

माझी शाखा वलगावला. अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलात की दहा-बारा किलोमीटरवर हे गाव येते. तुम्ही तिथे थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी तिथलाच. नोकरीत चार गावे फिरवून झाल्यावर वरच्या साहेबांना दया आली आणि बदली थेट जन्मगावी झाली. गावाजवळून जी नदी जाते तिचे नाव पेढी. म्हणजे घर पेढीच्या काठी आणि नोकरीही पेढीवर. एक पावसाळ्यात भरून वाहते, दुसरी मार्चअखेर कोरडी पडते, एवढाच काय तो फरक.

तर गेल्या दिवाळीनंतर आमच्या शाखेत एक बागाईतदार आले. आसेगावच्या पलीकडे त्यांची संत्र्याची बाग. आंबिया बहार चांगला लागला होता, त्यामुळे चेहऱ्यावर तेज होते. त्यांनी माझ्या टेबलावर एक कोटेशन ठेवले. मिनीबसच्या सांगाड्यावर घर बांधायचे : दोन पलंग, ओटा, शेगडी, बेसिन, न्हाणी-संडास, छतावर सोलर, मागे पाण्याची टाकी. त्यात स्वतः, मंडळी, दोन पोरे आणि सत्तरीची आई बसणार आणि सहा महिने हिंदुस्थान हिंडणार. पोरांची शाळा? ती म्हणे मोबाईलवर. संत्री? ती धाकट्या भावावर.

"छान आहे," मी म्हणालो. "वाहनकर्जाचा फॉर्म देतो."

"वाहन कायले जी?" ते म्हणाले. "त्यात सैपाक हाये, झोपनं हाये, देवघर हाये. मंग थे घर नाई का? घरकर्जच द्या लागन."

यात भोळेपणा काही नव्हता, हे लक्षात घ्या. घरकर्ज वीस-तीस वर्षांचे, व्याज कमी. गाडीचे कर्ज फार तर सात वर्षांचे, आणि व्याज चढे. संत्रेवाल्या माणसाला हिशेब शिकवायला जाऊ नये.

मी हा पेच मॅनेजरसाहेबांकडे नेला. त्यांनी कोटेशन उलटसुलट करून पाहिले आणि ते नेहमी म्हणतात तेच म्हणाले : "तुम्ही कॉमर्सचे ना? एक टिपण तयार करा. पूर्वपीठिकेसह."

पूर्वपीठिका हा शब्द ज्याने कचेरीत आणला, त्याला मी शोधतो आहे. पण टिपण करणे भाग होते. पहिल्यांदा कायदा काढला. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्यात स्थावर म्हणजे काय हे नीट सांगितलेलेच नाही. काय स्थावर नाही, तेवढे सांगितले आहे. इमारती लाकडाचे उभे झाड, उभे पीक आणि गवत ही स्थावरात धरायची नाहीत. जमिनीला जोडलेले म्हणजे झाडासारखे मुळाने रुजलेले किंवा भिंतीसारखे जमिनीत पुरलेले. म्हणजे जो साग जन्मल्यापासून जागचा हलला नाही तोही कायद्याला जंगम! तो उद्या तोडला जायचा आहे, एवढ्याच कारणाने. हे वाचल्यावर मला बागाईतदारांच्या प्रश्नात थोडा दम दिसू लागला. मग मी खरोखरीच पूर्वपीठिकेला लागलो. आमच्या सौ.च्या मते मी तेव्हापासून पंधरा दिवस घरात जंगम होतो आणि कामाला स्थावर.

चाकांवरच्या घराची हौस पहिल्यांदा कोणाला आली? पुस्तके एका डॉक्टरकडे बोट दाखवतात. विल्यम गॉर्डन स्टेबल्स, स्कॉटिश, इंग्रजांच्या आरमारात शल्यवैद्य. निवृत्त झाल्यावर मुलांसाठी साहसकथा लिही. याने १८८५ साली ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून एक घोड्यांची घरगाडी बांधून घेतली, महोगनी लाकडाची, सुमारे दोन टनांची. नाव ठेवले 'वॉन्डरर', म्हणजे भटक्या. ती ओढायला दोन घोडे. सोबत गाडीवान, एक नोकर, एक भलामोठा कुत्रा आणि एक काकाकुवा. या लवाजम्यासह डॉक्टर इंग्लंडातल्या ट्वायफर्डपासून स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. नोकराला तीनचाकी सायकल दिलेली होती. त्याने पुढे जाऊन समोरून येणाऱ्यांना सांगायचे, की बाबांनो, मागून घर येते आहे. पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी या सफरीवर पुस्तक लिहिले. लोकांना ते आवडले आणि हौशी मंडळींत घरगाड्यांची टूम निघाली. १९०७ साली त्यांचा क्लबसुद्धा झाला. इंग्रजांचे असेच असते. एकाने केले तर वेड, दोघांनी केले तर क्लब.

हे टिपणात लिहिले आणि मग स्वतःचीच लाज वाटली. घर घेऊन हिंडण्याचा शोध १८८५ साली लागला म्हणे! मग आमच्या वऱ्हाडातून शतकानुशतके जे लमाणांचे तांडे गेले, ते काय सहलीला निघालेल्या कारकुनांचे होते? आपल्या भाषेत 'बिऱ्हाड' हा शब्द उगाच नाही. घर म्हणजे विटा आणि बिऱ्हाड म्हणजे माणसे, भांडी आणि भांडणे. बिऱ्हाड पाठीवरही असते. विंचवाला आपण ते पूर्वीच देऊन टाकले आहे.

सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात हिंडून गेला. त्याने बंजाऱ्यांच्या तांड्यांबद्दल लिहून ठेवले आहे : एकेका तांड्यात दहा-दहा, बारा-बारा हजार बैल, पाठीवर धान्य किंवा मीठ, आणि सोबत बायका-पोरे, तंबू, सगळा संसार. अरुंद रस्त्यावर असा तांडा समोरून आला, तर गाडीत बसलेल्या प्रवाशाला तो पुढे सरकेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावे लागे. अमरावतीच्या राजकमल चौकात दहा मिनिटे अडकलो तर आपण नगरपालिकेपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो. तीन दिवस बैल मोजत बसलेला तो जवाहिऱ्या डोळ्यांपुढे आणून पाहा.

पुढे १८६७ साली भुसावळकडून आलेली आगगाडी नागपूरला पोचली. वऱ्हाडचा कापूस डब्यांत बसून मुंबईला जाऊ लागला. बारा हजार बैलांचे काम एका इंजिनाने उचलले आणि तांड्यांचा धंदा बसला. वऱ्हाडात पुसद-दिग्रसकडे ते जागोजाग स्थिरावले. अशाच एका तांड्यावर, पुसदजवळच्या गहुलीला जन्मलेले वसंतराव नाईक पुढे १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर बसले. ज्यांचे पूर्वज कुठेच टिकून बसत नसत, त्यांनी सगळ्यांत जास्त टिकून दाखवावे, हे मला फार आवडते.

पण इथे टिपणात एक तारीख अशी आली की माझे पेन थांबले. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. त्यात हिंडून पोट भरणाऱ्या कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय जागा सोडायची नाही. पुढे १९११ आणि १९२४ साली हा कायदा आणखी पसरला. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. 'सेटलमेंट' म्हणत तिला. स्वतंत्र भारताने हा कायदा रद्द केला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

आता या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. १८७१ आणि १८८५. एकाच राणीचे राज्य. तिच्या एका प्रजाजनाने घराला चाके लावली तर त्याच्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघतात, आणि दुसऱ्याचे घर मुळातच गाढवाच्या पाठीवर असले तर त्याला चावडीवर हजेरी. लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'त असेच कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गावोगाव फिरते. ते १९८० साली आले, म्हणजे कायदा जाऊन अठ्ठावीस वर्षे झाल्यावर. आमच्याही शाखेत अशी माणसे येतात. फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा रकाना आहे. तिथे त्यांचे बोट अडते. मग ती माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी फॉर्मकडे बघतो. छापखान्याने त्या रकान्यासाठी दोन ओळी सोडल्या आहेत. कोणाकोणाचे आयुष्य त्या दोन ओळींत मावत नाही, हे छापखान्याला कोण सांगणार?

गाडी लोहारांचे बघा. त्यांच्याकडे सांगतात ते असे, की १५६८ साली चितोड पडले तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली : चितोड परत मिळेपर्यंत छपराखाली राहायचे नाही. नक्षीदार बैलगाडी हेच घर. त्यातच लग्न, बाळंतपण, म्हातारपण. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडच्या किल्ल्यात नेले आणि शपथेतून मोकळे केले. तीनशे सत्त्याऐंशी वर्षांची सफर! तरीही त्यांतले कित्येक पुढे गाड्यांतच राहिले. माझ्या लहानपणी आमच्या फाट्याजवळ अशा गाड्या उतरत. आमची विळी तिथेच धार लावून येई. भाता ओढणाऱ्या पोराला मी एकदा विचारले होते, "तुला शाळा नाही?" तो म्हणाला, "तुले गाडी नाई?" आम्ही दोघेही एकमेकांची कीव करत आपापल्या कामाला लागलो.

वऱ्हाडी गृहस्थाला मात्र शपथ लागत नाही, निमित्त लागते. ते निमित्त म्हणजे बहिरमची जत्रा. परतवाड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. २० डिसेंबरच्या सुमाराला सुरू होते आणि जानेवारी सरेपर्यंत चालते. कापूस वेचून झालेला, गाठीला पैसा, हवेत गारवा. पूर्वी बंड्या जुंपून सबंध कुटुंबे निघत. पुढच्या दमणीत म्हातारी आणि लेकुरवाळ्या, मागच्या बंडीत कडबा, पीठ, वांगी, राहुटीचे कापड आणि ज्याला घरी एकटे ठेवता येत नाही असा एक चुलतभाऊ. तिथे राहुट्या ठोकायच्या, गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, हंडीत मटण शिजवायचे, आणि चार-आठ दिवस मुक्काम करायचा. परत येताना चुलतभाऊ कमी भरला तर तमाशाच्या फडात शोधायचा. माझ्या आजोबांच्या दोन पिढ्या अशा गेल्या. आजीला विचारले, "तिथं जाऊन करत काय होता?" तर म्हणे, "इथी करतो थेच. पन तिथी करमे." जगातल्या यच्चयावत घरगाड्यांचे माहितीपत्रक एवढ्या दोन वाक्यांत उरकावे.

अमरावतीकडच्या बंड्या बहिरमला जात त्या वलगाववरूनच. पेढी ओलांडून. आणि त्याच बहिरमला पशुबळीच्या विरुद्ध कीर्तने करायला जो माणूस जाई, त्याच्यापाशी येऊन माझे टिपण पुरते घसरले.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव-सुर्जीकडच्या शेंडगावला जन्मले. तो आरमारी डॉक्टर इंग्लंडात महोगनीच्या गाडीवर नाव रंगवत होता, तेव्हा हा नऊ वर्षांचा पोर मूर्तिजापूरजवळ दापुरीला मामाची गुरे राखत होता. बाप दारूने गेलेला. पुढे लग्न झाले, लेकरे झाली, शेती उत्तम करी. आणि १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडून निघाला तो निघालाच. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि डोक्यावर मडक्याचे खापर. त्या खापरात जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे, ऊन लागले तर तीच टोपी. सगळा ओटा, बेसिन आणि छत एकाच भांड्यात. आमच्या बागाईतदारांच्या कोटेशनात या तीन बाबींचेच दोन लाख होते!

गावात शिरायचे, गल्ल्या झाडायच्या, रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला केर काढायचा आणि सकाळी पुढचे गाव. एक्कावन्न वर्षे. हा काही पळून गेलेला संसारी नव्हे. त्याने संसार फक्त मोठा केला. आणि गंमत अशी, की ज्याला घर नको होते त्याने महाराष्ट्रभर घरे बांधली. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा. मुंबईला मोठ्या इस्पितळांत येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. प्रवासात माणसाला रात्री पाठ टेकायला जागा हवी, हे त्याला आपल्या पाठीवरून कळले असावे. आपला किंवा आपल्या गोतावळ्याचा त्यांवर हक्क राहू नये, याची मात्र काळजी घेतली. कुंताबाई आणि मुली झोपडीत राहिल्या. हे वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो, की कुंताबाईंनी फॉर्मवर काय लिहिले असते? नवरा जंगम, आपण स्थावर. त्यांचे नाव कुठल्याही पायरीवर कोरलेले मी पाहिलेले नाही.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. तिथे बाबांनी घाट बांधला. पौषातल्या रविवारी तिथे स्नान केले की ऋणातून सुटका होते, अशी लोकांची श्रद्धा. आमच्या शाखेपासून हे ठिकाण फारसे दूर नाही. तरी लोक हप्ते भरतात, ही वऱ्हाडी माणसाची सज्जनता समजावी. थकबाकीच्या नोटिशीत मी हा पत्ता अजून कोणाला कळवलेला नाही.

शेवटची वर्षे त्यांचा प्रवास मोटारीने होई. शरीर थकले होते. ६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. २० डिसेंबरला अमरावतीकडे जात असताना, आमच्या वलगावपाशी, पेढीच्या काठी गाडगेबाबांचे प्राण गेले. ना दापुरीला, ना एखाद्या धर्मशाळेत. वाटेतच. बहिरमच्या जत्रेचा तो आरंभ. आज अमरावतीच्या ज्या भागाला गाडगेनगर म्हणतात तिथे त्यांची समाधी आहे, आणि माझ्या पोरीच्या पदवीवर २००५ सालापासून विद्यापीठाला चिकटलेले त्यांचे नाव आहे. शाळेत दोन बुकेही न शिकलेल्या माणसाचे.

त्या दिवशी आमचे दादा, म्हणजे माझे वडील, नऊ-दहा वर्षांचे होते. त्यांना आठवते ते इतकेच : सकाळी गाव एकाएकी रस्त्यावर आले आणि अमरावतीकडे चालू लागले. आजीने त्यांचे बोट धरले होते. "कुठी चाललो आपन?" त्यांनी विचारले. आजी म्हणाली, "पोचवाले." एवढ्या लोकांनी मिळून कोणाला पोचवायचे असते, हे त्यांना तेव्हा कळले नाही. ते सांगतात, की रस्ता किती लांब असतो हे त्या दिवशी पायांना प्रथम समजले.

पुढे दादा एस.टी.त ड्रायव्हर झाले.

आता मी टिपणाच्या विषयाबाहेर जातो आहे, असे मॅनेजरसाहेब म्हणतील. पण ज्या घरी मी वाढलो तिथे चाकांवरच्या घराची माहिती पुस्तकातून घ्यायची गरजच नव्हती, हे मला टिपण लिहितालिहिता कळले. दादांकडे वर्षानुवर्षे मेळघाटातली मुक्कामी गाडी असे. नव्या वाचकांसाठी सांगतो : मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन तिथेच रात्र काढणारी आणि पहाटे तिथूनच सुटणारी बस. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपत. उन्हाळ्यात टपावर, थंडीत आत. गावातल्या कुठल्याशा घरून भाकर येई. मी हिशेब घातला : महिन्याला बारा मुक्काम, वर्षाला एकशे चव्वेचाळीस, तीस वर्षांचे चार हजार तीनशे वीस. म्हणजे जवळजवळ बारा वर्षे. एक तप! हा आकडा मी त्यांना दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "पावसाळ्यात घाट बंद राहे, थे कमी कर."

त्यांची गाडी अमरावतीहून सुटून वलगाववरूनच जाई. संध्याकाळी साडेपाचला फाट्यावर दोनदा हॉर्न वाजे. घरापुढे थांबायचा प्रश्नच नव्हता. हॉर्न वाजला की आई हातातले काम एक क्षण थांबवी, मग पुन्हा सुरू करी. आम्ही भावंडे त्या हॉर्नलाच बाप समजत असू.

१९८८ सालच्या उन्हाळ्यात आईने हट्ट धरला. "तुमची गाडी आतून कशी रायते थे तरी पाहू द्या." दादांनी पुष्कळ नाही-नाही केले. शेवटी आई, मी आणि धाकटी बहीण असे तिघे फाट्यावर उभे राहिलो आणि पहिल्यांदाच ती गाडी आमच्यासाठी थांबली. कंडक्टरकाकांनी एक पूर्ण, दोन अर्धी तिकिटे फाडली. ओळख दाखवली नाही. ड्रायव्हरसाहेबांनीही नाही. आई म्हणाली, "सासरी चालल्यासारखं वाटून राह्यलं." परतवाडा गेले, घाट लागला, सेमाडोह गेले. पुढच्या एका कोरकू वस्तीच्या गावी अंधार पडता पडता गाडी थांबली. प्रवासी उतरले. आणि एवढ्या मोठ्या बसमध्ये आम्ही चौघे आणि कंडक्टरकाका.

आईने पहिल्यांदा काय केले असेल? पदर खोचला आणि सबंध गाडी झाडून काढली. शेंगांची फोलपटे, तिकिटे, विड्यांची थोटके. दारातून ढीग बाहेर. मग तीन बाकांना जुने लुगडे बांधून एक खोली केली. खाली झाडाजवळ स्टोव्ह पेटवून पिठले टाकले. कंडक्टरकाका संकोचाने दूर जाऊन बसले होते. आईने त्यांना ताटावर हाक मारली. "भाऊजी, घरी आल्यावर लाजता का?" तेव्हा ते कुठे हसले.

दादांच्या बाकाखाली एक पत्र्याची पेटी होती. आईने ती उघडली. वस्तरा, आरसा, एक गडवा, चादर. आणि तळाशी एक उशीची खोळ. मोराची वेलबुट्टी असलेली. ती खोळ शेजारणीने वाळत घातलेली चोरली, असे आईचे ठाम मत होते आणि त्यापायी ती दोन वर्षे त्या बाईशी बोलत नव्हती. आईने खोळ हातात धरली. दादा तोंड फिरवून बाहेर काजवे बघू लागले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आई म्हणाली, "मंग मले सांगा तरी लागत होतं. त्या बाईले म्या काय काय म्हनलं."

पहाटे पाचला काचेवर टकटक झाली. आमच्या शयनगृहाचा पहिला प्रवासी कोंबडी घेऊन आला होता. पुढच्या दहा मिनिटांत आमच्या घरात तीस माणसे शिरली, आणि आई लुगडे सोडवायच्या आत त्यावर एक म्हातारबुवा डोके टेकून झोपलेही. आमच्या घराण्याची ती पहिली आणि शेवटची सहल. आई २०११ साली गेली. शेजारीण शेवटपर्यंत तिची जिवलग होती.

टिपण पुरे करण्यासाठी आणखी दोन नोंदी घातल्या. १९८२ साली आंध्रात एन. टी. रामारावांनी एका जुन्या शेव्हरोले गाडीचा चैतन्यरथ केला, मुलाला चालवायला बसवले, महिनोन्‌महिने त्यातच मुक्काम करून राज्य पालथे घातले, आणि जानेवारी १९८३ मध्ये उतरले ते मुख्यमंत्री होऊनच. दुसरी नोंद अर्जेंटिनाच्या झाप कुटुंबाची. नवरा-बायको २००० साली एका १९२८च्या मोटारीने सहा महिन्यांसाठी निघाले आणि २०२२ साली परत आले. शंभरावर देश. वाटेत चार मुले झाली, चारही वेगवेगळ्या ठिकाणी. बागाईतदारांनीही सहाच महिने सांगितले होते, हे मी टिपणात लाल शाईने अधोरेखित केले. महाराष्ट्र शासनाचे २०२१चे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही जोडले. जाडजूड फाईल दिसली की वरचे साहेब वाचत नाहीत, सही करतात.

मॅनेजरसाहेबांनी अकरा पाने उलटली, शेवटच्या पानावर गेले आणि विचारले, "याला नंबर प्लेट आहे का?"

"आहे."

"मग वाहनकर्ज."

बागाईतदारांनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हनजे घर म्हनाले किती चाकं काहाडा लागतीन जी?" एवढेच विचारले आणि सही केली.

मार्चमध्ये गाडी तयार होऊन आली. निघण्याच्या दिवशी सगळे बिऱ्हाड शाखेपुढे पेढे द्यायला थांबले. मी दादांना मुद्दाम घेऊन आलो होतो. ऐंशीच्या घरात आहेत, काठी लागते, पण गाडीची पायरी त्यांनी कोणाचा हात न धरता चढली. पलंग पाहिले, नळ सोडून पाहिला, शेगडीचा खटका दाबून पाहिला. न्हाणीचे दार उघडून एकदम मिटले, कोणी आत असावे तसे. बागाईतदारांच्या आईने ओट्याखालून नवाकोरा खराटा काढून दाखवला. म्हणाल्या, "बाकी याईनं घेतलं, हा म्या घेतला." दादांनी मान डोलावली. मग ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर पुलाकडे बघत राहिले.

"पयला मुक्काम कुठी?" त्यांनी विचारले.

"ठरोलं नाई काकाजी," बागाईतदार म्हणाले. "जिथी रात होईन तिथी."

"मंग पाटी कोनती लावसान?"

बागाईतदार माझ्याकडे बघू लागले. मी मॅनेजरसाहेबांकडे बघितले. त्यांनी टिपण मागवले असते, पण वेळ नव्हता.

"पाटीबिगर गाडी सोडता येत नाई, भाऊ," दादा म्हणाले. "असं करा. खाली 'मार्गे वलगाव' लिहून टाका. वरचं मंग पाहू."

धाकट्या पोरीने खडूने लिहिलेही. दादा उतरले. गाडी सुरू झाली, फाट्यापर्यंत गेली, आणि कोणी सांगितले नसताना बागाईतदारांनी हॉर्न वाजवला. एकदाच. दादा थोडा वेळ दुसऱ्याची वाट बघत उभे होते.